जिंजरचा माग : इंग्रजी शब्दाचे मूळ शोधण्याची कृती

इंग्रजी शब्दाचे मूळ शोधायला ग्रीक-लॅटिन अस्खलित यावे लागत नाही. लागते ती शिस्त. कानाला सारखे वाटले की दोन शब्द एकाच घरचे मानायचे, ही सवय आपल्याकडे फार पसरली आहे. ‘नेव्हिगेशन’ संस्कृत ‘नवगती’पासून आला, ‘न्यूज’ म्हणजे चार दिशांची आद्याक्षरे, अशी विधाने शाळेच्या फळ्यापासून मोबाइलवरच्या संदेशांपर्यंत फिरत असतात. दोन्ही चुकीची आहेत आणि ती चुकीची का, हे सांगता येते. व्युत्पत्तिशास्त्र हे पुराव्याचे शास्त्र आहे. साम्य पाहून शंका घ्यावी, पण निकाल द्यायचा तो लेखी नोंदी आणि ध्वनिबदलाचे नियम पाहूनच.

ही कृती एका शब्दावर करून दाखवतो : ‘जिंजर’, म्हणजे आपले आले. इंग्लंडमधून मागे जाताना हा शब्द फ्रेंच, लॅटिन, ग्रीक, पाली आणि संस्कृत असे मुक्काम दाखवतो आणि तिथेही थांबत नाही. शोधाच्या जवळजवळ सगळ्या अडचणी या एका शब्दात भेटतात, म्हणून शिकण्यासाठी तो उत्तम.

साहित्य

एक वही. तिच्या पानावर सहा रकाने आखा : भाषा, काळ, रूप, अर्थ, कुठे सापडले, खात्री किती.

कोश पुढीलप्रमाणे :

- ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी. 1857 साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत या कोशाची कल्पना मांडली गेली, पहिला भाग 1884 मध्ये निघाला आणि काम 1928 मध्ये पूर्ण झाले. शब्दाचे प्रत्येक जुने रूप आणि त्याचा सर्वांत जुना लेखी वापर त्यात तारखेसह मिळतो. मोठ्या ग्रंथालयात चौकशी करा.
- जुन्या इंग्रजीसाठी बॉसवर्थ आणि टोलर यांचा कोश. मध्ययुगीन इंग्रजीसाठी मिशिगन विद्यापीठाचा कोश. दोन्ही इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात.
- लॅटिनसाठी लुइस आणि शॉर्ट, ग्रीकसाठी लिडेल आणि स्कॉट.
- संस्कृतसाठी मोनियर विल्यम्स. भारतीय आर्यभाषांसाठी राल्फ टर्नर यांचा तौलनिक कोश, द्राविडी भाषांसाठी बरो आणि एमेनो यांचा व्युत्पत्तिकोश. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहात टर्नर, बरो-एमेनो आणि मोल्सवर्थचा मराठी कोशही शोधता येतो.
- भारतातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांसाठी यूल आणि बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ (1886).
- मराठी बाजूसाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’.

पूर्वतयारी : कोशाची लिपी वाचायला शिका

कोशकार व्युत्पत्ती फार थोडक्यात लिहितात. ‘<’ ही खूण दिसली की डावीकडचा शब्द उजवीकडच्या शब्दापासून आला, असे वाचा. भाषांची नावे एकदोन अक्षरांत दिलेली असतात. त्यांची यादी कोशाच्या सुरुवातीला असते, ती आधी वहीत उतरवा. शब्दाच्या आधी तारका असेल तर ते रूप कुठेही लिहिलेले सापडलेले नाही, अभ्यासकांनी नियमांवरून उभे केले आहे, असे समजा. लेखी रूप आणि तारकांकित रूप वहीत वेगळ्या शाईने लिहा. पुढच्या सगळ्या खात्रीचा पाया हा फरक आहे.

इंग्रजीचे कालखंडही पाठ हवेत. साधारण 1100 पर्यंतची ती जुनी इंग्रजी, तिथून 1500 पर्यंत मध्ययुगीन इंग्रजी, पुढची आधुनिक. मध्ये 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि दरबार, न्यायालय व मुदपाकखाना यांत फ्रेंच शिरली. शब्द या सालाच्या अलीकडे आला की पलीकडे, हा प्रत्येक शोधातला पहिला मोठा प्रश्न असतो.

कृती

1. आजचे रूप आणि सगळे अर्थ लिहा

‘जिंजर’ : आले, सुंठ, तांबूस केसांचा रंग. त्याच्या शेजारचे शब्दही लिहून ठेवा : ‘जिंजरब्रेड’ हा मसालेदार केक, ‘जिंजरली’ म्हणजे हळुवार, जपून. आल्याचे शास्त्रीय नाव ‘झिंजिबर ऑफिसिनेल’ आहे, तेही नोंदवा. शास्त्रीय नावे बहुधा लॅटिन किंवा ग्रीक रूपाला धरून असतात, त्यामुळे पुढच्या मुक्कामाची खूण तिथेच मिळते. इथे ‘ज’च्या जागी ‘झ’ आहे, ‘ब’ शिल्लक आहे आणि शब्द लांब आहे. आजचा ‘जिंजर’ हे झिजलेले रूप असणार, असा अंदाज बांधता येतो.

2. सर्वांत जुनी लेखी नोंद काढा

मोठ्या कोशातील नोंदीत जुनी स्पेलिंगे काळानुसार दिलेली असतात. ती सगळी उतरवा, एकही गाळू नका. ‘जिंजर’साठी मध्ययुगीन इंग्रजीत ‘जिंजिव्हेर’, ‘जिंजेर’ अशी रूपे मिळतात. त्याच्याही मागे, जुन्या इंग्रजीतील औषधांच्या हस्तलिखितांत ‘गिंगिफेर’ असे स्पेलिंग आहे. त्या काळी दोन स्वरांमधले ‘फ’ हे अक्षर ‘व्ह’ असे उच्चारले जाई, म्हणून ‘गिंगिफेर’ आणि ‘जिंजिव्हेर’ दिसतात तितके दूर नाहीत.

या पायरीने दोन गोष्टी मिळाल्या. शब्द 1066 च्या आधीच इंग्लंडमध्ये पोहोचला होता आणि तो वैद्यकाच्या पुस्तकांतून आला. ‘न्यूज’ची कथाही इथेच कोसळते. मध्ययुगीन इंग्रजीत हा शब्द ‘न्यूएस’ असा लिहिला जाई. ‘न्यू’ म्हणजे नवे, त्याचे अनेकवचन. फ्रेंचमध्येही नव्या गोष्टी या अर्थाचे अनेकवचनच बातम्यांसाठी वापरतात. आद्याक्षरांचे शब्द करण्याची रीत विसाव्या शतकात रुळली. जुन्या शब्दाला आद्याक्षरांचे मूळ चिकटवलेले दिसले की बहुतेक वेळा ते रचलेले असते.

3. शब्द वारशाचा की उसना, ते ठरवा

मराठी वाचकाला ही पायरी सोपी जाते, कारण तत्सम, तद्भव आणि देशी हे वर्ग आपल्या ओळखीचे आहेत. ‘दात’ तद्भव आहे, पिढ्यान्‌पिढ्या तोंडात झिजत आला. ‘दंत’ तत्सम, ग्रंथातून पुन्हा उचलला. इंग्रजीत नेमकी हीच जोडी आहे : ‘टूथ’ आणि ‘डेंटल’.

इंग्रजी, लॅटिन, ग्रीक आणि संस्कृत या एकाच आदिम भाषेच्या शाखा आहेत, आणि त्या मूळ भाषेला इंडो-युरोपीय म्हणतात. विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत या भाषांचे नाते मांडले. पुढे याकोब ग्रिम यांनी 1822 मध्ये जर्मानिक शाखेतील व्यंजनबदलाचा नियम नीट मांडला. इंग्रजी या जर्मानिक शाखेतली. नियम असा : मूळचा ‘प’ जर्मानिकमध्ये ‘फ’ झाला, ‘त’चा ‘थ’, ‘क’चा ‘ह’, ‘द’चा ‘ट’, ‘भ’चा ‘ब’. संस्कृतने ही मूळ व्यंजने बरीच जपली, म्हणून ताळा आपल्याला घरबसल्या घेता येतो : पाद आणि ‘फूट’, त्रि आणि ‘थ्री’, दश आणि ‘टेन’, भ्रातृ आणि ‘ब्रदर’.

आता ‘टूथ’ तपासा. जुन्या इंग्रजीत तो ‘तोथ’, गॉथिकमध्ये ‘तुन्थुस’, लॅटिनमध्ये ‘डेन्स’ (प्रत्यय लागताना ‘डेंट-’), संस्कृतात ‘दन्त’. ‘द’चा ‘ट’ झाला, ‘त’चा ‘थ’ झाला, नियम बसला. मधला ‘न’ कुठे गेला? इंग्रजीत ‘थ’, ‘स’, ‘फ’ यांच्या आधीचा अनुनासिक गळतो आणि मागचा स्वर लांबतो. जर्मन ‘गान्स’ला इंग्रजीत ‘गूस’ म्हणतात. आपल्या ‘हंस’चा तो आप्त. म्हणजे ‘टूथ’ वारशाचा. ‘डेंटल’मध्ये ‘द’चा ‘ट’ झालेला नाही, म्हणून तो लॅटिनमधून नंतर उचललेला.

अपवाद आला तर नियम टाकू नका, अपवादाचे कारण शोधा. ‘ब्रदर’च्या जुन्या इंग्रजी रूपात अपेक्षेप्रमाणे ‘थ’ आहे, पण ‘फादर’च्या जुन्या रूपात ‘द’ होता. हे कोडे डेन्मार्कच्या कार्ल व्हेर्नर यांनी 1870 च्या दशकात सोडवले. किल्ली वैदिक स्वरांत होती : ‘भ्रातृ’मध्ये आघात पहिल्या अक्षरावर, ‘पितृ’मध्ये दुसऱ्यावर. इंग्रजी शब्दांतला घोटाळा वेदपाठाने जपलेल्या उदात्तामुळे सुटला, हे मराठी अभ्यासकाने विसरू नये.

‘जिंजर’ या कसोटीवर उसना ठरतो. आले इंग्लंडच्या हवेत पिकत नाही. जर्मानिक भाषांत त्याला ग्रिमच्या नियमाने जुळणारा वारशाचा शब्द नाही. शिवाय शब्दाच्या सुरुवातीचा ‘ज’ हा ध्वनी जुन्या इंग्रजीत नव्हताच. ‘जज’, ‘जॉय’ यांसारखे शब्द फ्रेंचमधून आले. सुरुवातीला ‘ज’ दिसला की आधी फ्रेंचचे दार ठोठावा.

4. एकेक कडी मागे जा आणि प्रत्येक बदलाला साक्षीदार शोधा

उडी मारू नका. ‘जिंजर’पासून थेट ‘शृंगवेर’पर्यंत जाणारा माणूस बरोबर उत्तरावर पोहोचला तरी त्याने सिद्ध काहीच केलेले नसते. प्रत्येक बदल त्याच भाषेतल्या दुसऱ्या शब्दांतही झालेला दाखवायचा. तो दुसरा शब्द म्हणजे साक्षीदार.

*‘जिंजिव्हेर’पासून ‘जिंजर’.* मधला ‘व्ह’ आणि त्याच्या जवळचा आघातहीन स्वर गळाला. साक्षीदार : जुन्या इंग्रजीतील ‘हेआफोद’चे ‘हेड’, ‘ह्लाफोर्द’चे ‘लॉर्ड’. दोन्हींत ‘फ’चा उच्चार ‘व्ह’ होता, दोन्हींत तो गेला.

*फ्रेंचमधून.* जुन्या फ्रेंचमध्ये शब्द ‘जिंजिव्र’ असा होता. आजचे फ्रेंच लोक शब्दाच्या पहिल्या अक्षराचा उच्चार मऊ करतात, पण त्या काळी तो खणखणीत ‘ज’ होता आणि इंग्रजीने तोच घेतला. लॅटिनमधला ‘ब’ फ्रेंचमध्ये ‘व्ह’ कसा झाला? साक्षीदार : लॅटिन ‘काबाल्लुस’चे फ्रेंच ‘शेव्हाल’ (घोडा), ‘हाबेरे’चे ‘आव्हुआर’ (जवळ असणे). दोन स्वरांमधला ‘ब’ फ्रेंचमध्ये ‘व्ह’ होतो, हा नियमच आहे.

शब्द इंग्रजीत दोनदा शिरला, हेही इथे लक्षात येते. एकदा लॅटिन पोथ्यांमधून जुन्या इंग्रजीत, पुन्हा नॉर्मन फ्रेंचमधून मध्ययुगीन इंग्रजीत. दुसऱ्या प्रवेशाने पहिल्याला बळ दिले. एकच मूळ शोधण्याच्या नादात असा दुहेरी प्रवेश नजरेआड होऊ देऊ नका.

*लॅटिनमध्ये.* उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘गिंगिबेर’, अभिजात लॅटिनमध्ये ‘झिंगिबेरी’. ‘झ’च्या जागी ‘ग’ हे अक्षर आले, कारण उत्तरकालीन लॅटिनच्या बोलीत ‘इ’ आणि ‘ए’ यांच्या आधीचा ‘ग’ मऊ होऊन या ‘झ’च्या अगदी जवळ आला होता. लिहिणाऱ्यांचा गोंधळ हा उच्चार बदलल्याचा पुरावा असतो, म्हणून जुन्या चुकीच्या स्पेलिंगांकडे आदराने पाहा.

*ग्रीकमध्ये.* ‘झिंगिबेरिस’. शेवटचा ‘-इस’ हा ग्रीक नामाचा प्रत्यय. तो सोलून काढला की उरते ‘झिंगिबेर-’. परक्या शब्दाला प्रत्येक भाषा आपला प्रत्यय लावते. मूळ शोधताना तो काढून मग तुलना करा.

*भारताच्या किनाऱ्यावर.* पालीत आल्याला ‘सिंगिवेर’ म्हणतात. विनयपिटकाच्या महावग्गात भिक्खूंना चालणाऱ्या औषधी मुळांची यादी आहे. त्यात हळद आणि वेखंड यांच्या सोबत सिंगिवेर आहे. ग्रीक रूपाशी ते अक्षरामागून अक्षर जुळते. ग्रीकांकडे त्या काळी ‘व’साठी वेगळे अक्षर उरले नव्हते, म्हणून जवळचे ‘बीटा’ आले. सुरुवातीच्या ‘स’चा ‘झ’ होणे मात्र ग्रीकच्या स्वतःच्या नियमांनी सहज बसत नाही. मध्ये एखादी तिसरी भाषा, बहुधा इराणी, असावी असा तर्क त्यामुळे केला जातो. खात्रीच्या रकान्यात या मधल्या भाषेपुढे ‘संभाव्य’ लिहा. सगळी साखळी पक्की असली तरी एका कडीवर असे लिहिण्याचा प्रामाणिकपणा ठेवा.

ग्रीकांनी शब्द संस्कृतातून घेतला की प्राकृतातून, हेही ध्वनींवरून ठरते. संस्कृत रूप ‘शृंगवेर’ आहे. ‘शृ’चे ‘सि’ प्राकृतांत होते. साक्षीदार आपल्या घरातच आहे : शृंग, प्राकृत ‘सिंग’, मराठी ‘शिंग’. ग्रीक रूपात ‘ऋ’चा मागमूस नाही, ‘इ’ आहे. म्हणजे व्यापाऱ्यांच्या कानावर पडली ती बोलली जाणारी प्राकृत.

5. इतिहासाशी ताळा घ्या

ध्वनी जुळले तरी माणसे भेटली होती का, हे पाहावेच लागते. शब्द माणसांसोबत आणि मालासोबत प्रवास करतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात मान्सूनच्या वाऱ्यांवर तांबड्या समुद्रातून मलबारपर्यंत जहाजे येत-जात होती, आणि मुझिरिस हे त्या व्यापारातले नामांकित बंदर होते. त्याच शतकात डायोस्कोरिडीस हा ग्रीक वैद्य आणि प्लिनी हा रोमन लेखक दोघेही आल्याचे वर्णन करतात. आले म्हणजे मिरीच्या झाडाचे मूळ, असा समज त्या वेळी होता. तो चूक असल्याचे प्लिनीने नोंदवले आहे.

पण दोघेही आल्याचा संबंध अरबस्तान आणि आफ्रिकेचा तांबड्या समुद्रालगतचा किनारा यांच्याशी जोडतात. माल ज्या बाजारातून हाती आला तोच त्याचा देश, असे खरेदीदाराला वाटणे स्वाभाविक आहे. इथे शब्द ग्रंथाला दुरुस्त करतो, कारण नाव भारतीय आहे. म्हणून वहीत वस्तूचा इतिहास आणि शब्दाचा इतिहास शेजारी शेजारी मांडा आणि एकाने दुसऱ्याला तपासा.

इंग्लंडच्या टोकालाही असाच ताळा मिळतो. 735 साली बीड हा विद्वान संन्यासी वारला तेव्हा त्याने आपल्या जवळच्या थोड्या वस्तू सोबत्यांना वाटल्या. त्यांत मिरी होती. उत्तर इंग्लंडच्या मठापर्यंत आठव्या शतकातच पूर्वेचे मसाले पोहोचत होते, म्हणून जुन्या इंग्रजीच्या औषधपोथ्यांत ‘गिंगिफेर’ भेटणे इतिहासाशी सुसंगत आहे.

6. शेजारच्या भाषांची साक्ष घ्या

एकाच भाषेच्या साखळीवर विसंबू नका. तोच शब्द इतर भाषांत कसा आहे ते लिहा : जर्मन ‘इंगव्हर’, स्पॅनिश ‘हेंखिब्रे’, इटालियन ‘झेंझेरो’, अरबी ‘झंजबील’. कुराणातही झंजबीलाचा उल्लेख आहे. या रूपांत ‘अनुनासिक, मग ब किंवा व, मग र किंवा ल’ हा सांगाडा कमीअधिक शाबूत दिसतो. अरबी रूप लॅटिनच्या वाटेने गेलेले नाही. ते सिरियाक आणि मध्य फारसीच्या बाजूने गेले. दोन स्वतंत्र वाटा मागे जाऊन भारतातच मिळाल्या, की निष्कर्षाला दुहेरी आधार मिळतो.

7. संस्कृतपाशी पोहोचलात, तरी तपास थांबवू नका

आपल्याकडचे बहुतेक शोध इथे संपतात आणि म्हणूनच अर्धे राहतात. ‘शृंगवेर’ चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत आहे. त्याची फोड ‘शृंग’ म्हणजे शिंग आणि ‘वेर’ म्हणजे शरीर, अशी केली जाते : शिंगासारख्या अंगाचे. आल्याचा तुकडा पाहिला तर फोड पटते. पण ‘वेर’चा शरीर हा अर्थ शब्दकोशांच्या यादीतच भेटतो. अर्थ पटतो आणि घटक मात्र वापरात नाही, अशी फोड दिसली की लोकव्युत्पत्तीची शंका घ्या. परका शब्द ओळखीच्या शब्दांच्या साच्यात बसवून घेण्याच्या प्रवृत्तीला लोकव्युत्पत्ती म्हणतात.

आता बरो-एमेनो उघडा. तमिळ ‘इंजी’, मल्याळम ‘इंची’ म्हणजे आले. तमिळ-मल्याळममध्ये ‘वेर्’ म्हणजे मूळ, कानडीत ‘बेरु’. द्राविडी ‘व’ कानडीत ‘ब’ होतो, हाही नियम. साक्षीदार : ‘ये’ या अर्थी तमिळ ‘वा’, कानडी ‘बा’. दक्षिण द्राविडी भाषांत शब्दारंभीचा ‘च’ अनेकदा गळतो. म्हणून ‘इंजी’चे पूर्वरूप ‘चिं-’ने सुरू होणारे होते असे मानता येते, आणि त्याला ‘वेर्’ जोडला की सिंगिवेर जवळजवळ पूर्ण समोर येतो : आल्याचे मूळ. पूर्वरूपाआधी तारका घाला, कारण ते लेखी सापडलेले नाही. ए. एस. सी. रॉस यांनी 1952 साली या एका शब्दावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. एका शब्दात किती काम असते याचा त्यावरून अंदाज येतो.

हा तर्क बरोबर असेल, तर इंग्रजी ‘जिंजर’चे भारतीय मूळ दक्षिणेच्या शेतात आहे. संस्कृतने तो शब्द तिथून घेतला, आपल्या शिंगाच्या कल्पनेत बसवला आणि सांभाळला. यात संस्कृतला कमीपणा नाही. घेणे आणि देणे दोन्ही केलेली भाषाच मोठी होते.

मराठीने मात्र हा शब्द ठेवला नाही. ‘आर्द्र’ म्हणजे ओले. ‘आर्द्रक’पासून प्राकृत ‘अल्ल-’ आणि मराठी ‘आले’. हिंदी ‘अदरक’ही त्याच ‘आर्द्रक’चा. शोध घेताना आपल्या भाषेतला शब्द वेगळा निघाला तर तोही नोंदवा. साखळी कुठून गेली नाही, हेही कळणे मोलाचे असते.

8. सापळे तपासा

निष्कर्ष लिहिण्याआधी पुढच्या पाच कसोट्या लावा.

*निव्वळ योगायोग.* इंग्रजी ‘बॅड’ आणि फारसी ‘बद’. उच्चार सारखा, अर्थ तोच, आणि बदनाम, बदमाश यांमुळे आपल्या कानाला ओळखीचा. नाते मात्र शून्य : फारसी शब्द मध्य फारसीत ‘वद’ होता. जुनी रूपे मागे जाता जवळ येत असतील तरच नाते असू शकते. इथे ती दूर जातात.

*न दिसणारे नाते.* ‘व्हील’ आणि ‘चाक’ यांत एकही ध्वनी सारखा ऐकू येत नाही, तरी दोन्ही एका मुळाचे आहेत. जुन्या इंग्रजीत ‘ह्वेओल’, ग्रीकमध्ये ‘कुक्लोस’, संस्कृतात ‘चक्र’. ग्रीक रूपापासून आलेला ‘सायकल’ त्याच घराण्यातला. साम्य नसणे हाही नाते नसल्याचा पुरावा नव्हे.

*बहिणीला आई ठरवणे.* ‘नेव्हिगेशन’ लॅटिन ‘नाविस’ म्हणजे नाव आणि ‘आगेरे’ म्हणजे हाकणे यांपासून बनला. ‘नाविस’ आणि संस्कृत ‘नौ’ बहिणी आहेत, ‘आगेरे’ आणि संस्कृत ‘अज्’ हे धातूही तसेच. लॅटिनने ते संस्कृतातून घेतलेले नाहीत. दोघींनी एकाच पूर्वज भाषेकडून घेतले. ‘नवगती’ची कथा खऱ्या नात्यावर पडदा टाकते आणि खरे नाते त्या कथेपेक्षा कितीतरी जुने आहे.

*लोकव्युत्पत्ती.* ‘जिंजरब्रेड’मधला ‘ब्रेड’ पावाचा नाही. जुन्या फ्रेंचमधील ‘जिंजेंब्रास’ म्हणजे मुरवलेले आले. त्याचे शेपूट इंग्रजांनी ओळखीच्या ‘ब्रेड’मध्ये बदलले. ‘मुंगूस’चे ‘मॉंगूस’ झाले तेव्हाही असेच घडले : 1698 साली छापलेल्या जॉन फ्रायरच्या प्रवासवर्णनात तो भेटतो आणि पुढे त्याचे शेपूट हंसासाठीच्या ‘गूस’सारखे लिहिले गेले. कोशांत त्याचे मूळ मराठी दिलेले असते. तेलुगू ‘मुंगिस’ आणि कानडी ‘मुंगिसी’ शेजारी ठेवून पुढचा तपास करा.

*शेजारी राहणारा परका.* ‘जिंजरली’चा आल्याशी संबंध नाही. तो बहुधा जुन्या फ्रेंचमधील नाजूक, सुरेख या अर्थाच्या शब्दापासून आला. पहिल्या पायरीत लिहिलेल्या शेजारच्या प्रत्येक शब्दाचा तपास वेगळा करा.

9. निष्कर्ष लिहा

पूर्ण साखळी एका ओळीत मांडा आणि प्रत्येक कडीपुढे खात्री लिहा. आपल्या शब्दासाठी ती अशी होईल :

आधुनिक इंग्रजी जिंजर < मध्ययुगीन इंग्रजी जिंजिव्हेर (निश्चित) < जुनी इंग्रजी गिंगिफेर आणि जुनी फ्रेंच जिंजिव्र, दोन्ही वाटांनी (निश्चित) < उत्तरकालीन लॅटिन गिंगिबेर (निश्चित) < लॅटिन झिंगिबेरी (निश्चित) < ग्रीक झिंगिबेरिस (निश्चित) < पालीतील सिंगिवेरसारखे प्राकृत रूप (निश्चित, मधली भाषा संभाव्य) < द्राविडी ‘इंजी’चे पूर्वरूप आणि ‘वेर्’ (बळकट तर्क). संस्कृत शृंगवेर : त्याच शब्दाचे लोकव्युत्पत्तीने घडलेले रूप.

निश्चित, संभाव्य आणि तर्क या तीन पायऱ्यांची सरमिसळ करू नका. पुरावा संपला की तिथेच थांबा.

सरावासाठी

चार शब्द घ्या आणि याच क्रमाने तपासा.

- शुगर : शर्करा, फारसी ‘शकर’, अरबी ‘सुक्कर’ या वाटेने जा. ग्रीक ‘साक्खारोन’मधून ‘सॅकरिन’ कसा वेगळ्या दाराने आला, ते पाहा.
- ऑरेंज : संस्कृत नारंग. सुरुवातीचा ‘न’ कुठे गळाला, याचे उत्तर फ्रेंच आणि इटालियनच्या उपपदांत शोधा. स्पॅनिशमध्ये तो शाबूत आहे. मग ‘नारंग’च्याही मागे द्राविडी कोशात जा.
- हंड्रेड : संस्कृत शत, लॅटिन ‘केन्तुम’. ग्रिमचा आणि व्हेर्नरचा, दोन्ही नियम लागतात.
- कॅंडी : इथे आपली ‘खडीसाखर’ मदतीला घ्या आणि संस्कृत ‘खण्ड’पासून अरबी ‘कंद’मार्गे पुढे या.

पहिल्या शब्दाला वेळ लागेल. तिसऱ्या-चौथ्या शब्दापासून नियम ओळखीचे होतात, साक्षीदार आपोआप आठवतात, आणि पुढच्या वेळी कोणी एखाद्या इंग्रजी शब्दाचे सोयीचे मूळ सांगितले, तर तुम्ही त्याची सर्वांत जुनी नोंद मागाल.